कुंपणाच्या दोन्ही बाजूंचा पक्षी

आमच्या मास्तरांना पक्ष्यांची नावं येत नाहीत, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी मला बोल लावायला नको. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणकामाचे. बाजाराच्या कोपऱ्यावर, किल्ल्या करणारा आणि औषधांचं दुकान यांच्या मधोमध त्यांचं दुकान आहे. दुकान इतकं अरुंद, की माप द्यायला गिऱ्हाइकाने दोन्ही हात पसरले तर एक हात किल्लीवाल्याच्या गल्ल्यावर जातो. किल्लीवाला म्हणतो, अजून कुणी काही उचललेलं नाही, पण आपण लक्ष ठेवून असतो.

मास्तर तेराव्या वर्षी वडिलांच्या मशीनवर बसले ते आज अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत बसलेलेच आहेत. आठवडाभर नजर सुईच्या टोकावर. त्यामुळे रविवारी ती कुठेतरी लांब सोडून यावी असं त्यांना कधीतरी वाटलं, आणि ते गावाबाहेर फिरायला लागले. ऊन अजून कोवळं असतं, बांधाबांधावर रानफुलं उघडलेली असतात, अशा दिवसांत तर त्यांना दुकानात पकडून दाखवा. पँट आज देतो म्हणाले असतील, तर समजावं की पँट फुलं सुकल्यावर मिळणार.

आता नावं येत नसताना हा माणूस टिपणं कशी ठेवतो, असं तुम्ही विचाराल. मापांच्या जुन्या वहीत ठेवतो. उंची, छाती, कंबर, बाही असे रकाने आधीपासून आखलेले, ते वाया कशाला घालवायचे? खाली रंग लिहायच्या ऐवजी त्या त्या रंगाच्या कापडाचं कात्रण चिकटवलेलं. मी ती वही दोनदा चोरून वाचली आहे आणि एकदा विचारून. बुलबुलाच्या पानावर आहे: 'तपकिरी सफारी. शेपटीखाली लाल अस्तर. बसला की अस्तर दिसतं. मुद्दाम दाखवतो असा संशय.' एका फुलपाखराला पिवळ्या पॉपलिनचा तुकडा, त्याला काळी पायपिंग, आणि शेरा, 'डाव्या बाजूची शिलाई उसवलेली.' लाल पाठीवर काळे ठिपके असलेला तो चिमुकला भुंगेरा असतो ना, त्याच्यापुढे लिहिलंय, 'सात भोकांचं बटण. शिवणार कोण?' तळ्याकडच्या एका निळ्या रानफुलाच्या पानावर कात्रणच नाही, नुसता मोकळा चौकोन, आणि खाली: 'असं निळं मिळत नाही. तीन दुकानं पालथी घातली.' पानं शिवून घरटं करणारा शिंपी पक्षी सगळ्या गावाला कौतुकाचा. मास्तरांच्या वहीत मात्र त्याला एवढंच मिळालंय: 'टाके लांब. गाठ कच्ची. धुतल्यावर टिकणार नाही.'

गावात दर वसंतात एक मोजणी होते. ही मोजणी बाईंची. बाई म्हणजे शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका. अर्ध्याहून जास्त गाव त्यांच्या हातून शिकलेलं आणि उरलेलं त्यांच्या हातून नापास झालेलं. मास्तर दोन्हीकडे बसतात. मोजणीच्या रविवारी सकाळी सगळ्यांनी शाळेत जमायचं, चिठ्ठ्या काढून जोड्या लावायच्या, प्रत्येक जोडीने आपापल्या वाटेने जाऊन दिसेल ते फूल, पाखरू, किडा कागदावर उतरवायचा आणि दुपारी कागद बाईंपुढे ठेवायचा. बाई ते सगळं एका जाड वहीत घालतात. त्या वहीचं पहिलं पान वेगळं. त्यावर लिहिलंय 'प्रथम दर्शन'. आपल्या शिवारात जे आजवर कधीच कुणाला दिसलं नव्हतं ते ज्याने पहिल्यांदा पाहिलं, त्याचं नाव त्या पानावर.

बावीस वर्षांत त्या पानावर कोण नाही? पोस्टमन आहे. किल्लीवाला दोनदा आहे. औषधवाल्यांची आत्या आयुष्यात एकदाच मोजणीला आली, झाडाखाली झोपली, तिच्या नाकावर एक हिरवा किडा बसला आणि तो नवा निघाला. आत्या सातव्या ओळीत आहे. मास्तर मात्र बावीस वर्षांत एकही मोजणी न चुकवता कुठेच नाहीत. 'मास्तर, झोपा जरा झाडाखाली,' असं बाजारात कुणीही जाता-येता म्हणतं. मीही म्हटलंय. मास्तर हसतात आणि दोरा दातांनी तोडतात. दोरा एरवी ते कात्रीने तोडतात, हे मला माहीत आहे.

आणि यंदा बाईंनी जाहीर केलं, की ही शेवटची मोजणी. डोळ्यांना अक्षर लागत नाही, वही वाचनालयाला देऊन टाकणार. संध्याकाळी सहाला ग्रंथपाल येऊन घेऊन जाणार. पहिल्या पानावर एकच ओळ रिकामी होती. मास्तरांनी ती कितीतरी वेळ पाहिली. बाईंनी पान उलटलं तरी ते तिथेच पाहत होते.

आता दुसरा माणूस आणतो. मास्तरांचे साडू. नळदुरुस्तीचं काम करतात. गावात त्यांना सगळे साडूच म्हणतात, जणू सगळ्या गावाने एकाच घरच्या मुली केल्या आहेत. मास्तरांच्या घरात थोरली बहीण, यांच्या घरात धाकटी. बहिणींचं रोज दोनदा येणं-जाणं. आणि हे दोन नवरे एकमेकांशी अकरा वर्षं एक शब्द बोललेले नव्हते.

कारण काय, तर कोटाची बाही. मास्तरांनी साडूंना कोट शिवला, साडू म्हणाले डावी बाही आखूड आहे. मास्तर म्हणाले, बाही बरोबर आहे, हात लांब आहे. त्याच आठवड्यात साडूंनी मास्तरांकडचा नळ दुरुस्त केला, मास्तर म्हणाले गळतोय. साडू म्हणाले, नळ बरोबर आहे, तुमचे कान तिखट आहेत. संपलं. त्यानंतर जो आधी बोलेल तो हरला, असं दोघांनीही आपापल्या घरी बसून ठरवलं. जेवायला एकाच पंगतीत समोरासमोर बसायचे आणि मास्तर म्हणायचे, 'त्यांना म्हणावं, मीठ सरकवा.' थोरली धाकटीला सांगायची, धाकटी नवऱ्याला, नवरा मीठ सरकवायचा आणि म्हणायचा, 'घेतलं म्हणावं का?'

साडूंना पक्ष्यांची काडीची आवड नाही. पण यंदा डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून धाकटीने त्यांना मोजणीत ढकललं. चिठ्ठ्या निघाल्या आणि मास्तरांची जोडी लागली साडूंशी. चिठ्ठ्या कुणी लिहिल्या होत्या? थोरलीने. मी कुणाचंही नाव घेत नाही, पण त्या डब्यात साडूंच्या नावाच्या किमान चार चिठ्ठ्या होत्या. दुपारी डबा रिकामा करताना मी स्वतः पाहिल्या.

'बाई, जोडी बदलून मिळेल का?' मास्तरांनी विचारलं.

'चौथीत बाक बदलून मिळाला होता का तुला?'

'नाही.'

'मग नीघ.'

असे ते दोघे निघाले. पुढचं मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं आहे. दोघांचं जिथे जुळतं तेवढंच सांगतो आणि जिथे जुळत नाही तिथे मला जे जास्त मजेचं वाटलं ते.

एका जोडीला कागद एकच. बोलायचं तर नाही. मग मास्तर लिहायचे, कागद दगडावर ठेवायचे, दहा पावलं मागे जायचे. साडू यायचे, वाचायचे, आपलं लिहायचे, दहा पावलं मागे. दुरून बघणाऱ्याला वाटलं असतं, चोरीच्या मालाचा सौदा चाललाय. लिहिणं म्हणजे बोलणं नव्हे, यावर दोघांचं न बोलता एकमत होतं. तो कागद पुढे माझ्या हाती लागला. साडूंच्या अक्षरात आहे: 'पक्षी, लहान, एक. उडाला.' त्याखाली: 'पक्षी, मोठा, एक. उडाला.' त्यापुढे मास्तरांनी बारीक अक्षरात विचारलंय, 'रंग?' आणि साडूंचं उत्तर, 'पक्ष्याचा.'

अगदीच गरज पडली तर ते हवेशी बोलत. साडू एका खुंटाला म्हणाले, 'कुणाला तहान लागली असेल तर बाटली इथे ठेवली आहे.' मास्तर आपल्या टेपला म्हणाले, 'काही लोक चालताना एवढा आवाज करतात की चंडोलसुद्धा गाणं विसरतो.' साडूंच्या खिशात नळ पिळायचे लोखंडी पाने होते, दोन. रविवारीसुद्धा. ते प्रत्येक पावलाला वाजत.

शेवटी वाट एका काटेरी कुंपणापाशी आली तेव्हा दोघांनाही हायसं झालं. मास्तर कुंपणाच्या या बाजूने निघाले, साडू त्या बाजूने. इकडे पिवळ्या फुलांचा नुसता सडा पडलेला, मधमाश्या इतक्या की शेतच गुणगुणतंय असं वाटावं. मास्तर खाली वाकून एका नाकतोड्याच्या मागच्या पायाची लांबी घेत होते. मान वर केली तर आठ-दहा पावलांवर, कुंपणातल्या एका वठलेल्या बुंध्यावर, काहीतरी बसलेलं होतं. मास्तर म्हणतात, आधी त्यांना ती सालच वाटली. मग ती साल श्वास घ्यायला लागली.

त्याच वेळी पलीकडून पान्यांचा आवाज जवळ येत होता. खण, खण, खण. अजून चार पावलं आणि पाखरू उडालं असतं.

पुढे काय झालं ते कुणी सांगत नव्हतं. दोघेही एवढंच सांगत, की बुंध्यावर पक्षी होता, मी त्याला नीट पाहिला, मग तो उडाला.

मोजणीच्या वहीचा नियम कडक आहे. एका वर्षी औषधवाल्यांनी एक दुर्मीळ पांढरा बगळा टिपला होता, पुढच्या आठवड्यात कळलं की ती तारेला अडकलेली पिशवी आहे. तेव्हापासून प्रथम दर्शनाला दोन साक्षी लागतात. दोघांनी बाईंना वेगवेगळं जाऊन सांगायचं आणि सांगणं जुळलं पाहिजे. बाई शाळेच्या प्रयोगशाळेत बसतात, एका बाजूला बरण्या, दुसऱ्या बाजूला कोपऱ्यात माणसाचा सांगाडा. मी खिडकीबाहेर होतो. तिथे सावली चांगली असते.

मास्तर आत गेले.

'बाई, असं कापड मी उभ्या जन्मात हाताळलेलं नाही. करडं आणि तपकिरी, दोन सुतं अशी एकमेकांत गेलेली की कुठलं कुठे संपतं ते कळू नये. आणि पाठीच्या बरोब्बर मधून, मानेपासून खाली, गडद पट्टी. पाठीची शिवण. दोन्हीकडची नक्षी त्या शिवणीवर तंतोतंत जुळवलेली. बाई, मला चाळीस वर्षांत अशी जुळवता आलेली नाही.'

'चोच कशी होती?'

'माझ्याकडे पाठ होती.'

'डोकं तरी?'

'होतं.'

मग साडू गेले.

'तो पक्षी नव्हता बाई. नळ होता.'

'नीट सांग.'

'गळा पिवळट, त्यावर आडव्या बारीक रेघा. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग मान अशी फिरवली. अशी. अजून अशी. मला वाटलं आता आटे संपणार आणि डोकं खाली पडणार. मी हात पुढे केला होता.'

'आणि पाठ?'

'पाठ कुठून दिसणार? मी समोर होतो.'

बाईंनी दोघांचं सांगणं टिपलेले दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. मला त्यांचा चेहरा दिसत होता. पक्षी कुठला ते त्यांनी कधीच ओळखलं होतं. डोळे लकाकत होते. पण नियम त्यांनीच केलेला. दोघांना आत बोलावून त्या म्हणाल्या, 'एकाने पाठ पाहिली, एकाने पोट. माझ्या नियमाप्रमाणे हे दोन अर्धे पक्षी आहेत. अर्ध्या पक्ष्याला वहीत ओळ नाही.'

मास्तरांचा चेहरा असा झाला, की मी खिडकीवरून नजर काढली. एवढा मी वाईट नाही.

एव्हाना सगळं गाव दारात जमलं होतं. औषधवाल्यांनी विचारलं, 'निदान बुंधा एकच होता का ते तरी बघा, बाई.'

'जमिनीपासून किती उंचीवर बसला होता?' बाईंनी विचारलं. 'कागदावर लिहा. एकमेकांचं बघू नका.'

ही सूचना त्या दोघांना करायची म्हणजे कमालच. अकरा वर्षं ते एकमेकांचं बघत नव्हते. मास्तरांनी लिहिलं, 'एकोणचाळीस इंच, पक्षी गेल्यावर टेप लावून मोजलं.' साडूंनी लिहिलं, 'सव्वातीन फूट, नजरेने.' औषधवाल्यांनी कॅल्क्युलेटर काढला, बटणं दाबली, पुन्हा दाबली आणि म्हणाले, 'एकच आहे हो!' दारात टाळ्या पडल्या. साडूंनी मास्तरांच्या टेपकडे एकदा पाहिलं आणि मास्तरांनी साडूंच्या डोळ्यांकडे. धंद्यातला माणूस धंद्यातल्या माणसाला ओळखतो, एवढंच.

पण बाई म्हणजे बाई. 'जागा एक, कबूल. वेळ एक कशावरून? एक उडाल्यावर दुसरा येऊन बसला असेल. तुम्ही दोघं कुंपणाच्या दोन बाजूंना, मग एकाच क्षणी दोघांनी एकाच बुंध्याकडे पाहिलं कसं? कुणीतरी कुणाला तरी हाक मारली असणार.'

खोलीत बरणीतला बेडूकसुद्धा कान देऊन ऐकायला लागला.

'ज्याने हाक मारली, त्याने आधी पाहिला,' बाई म्हणाल्या. 'त्याचं नाव ओळीत जाईल. दुसरा साक्षीदार. बोला, हाक कुणी मारली?'

आता बघा पेच कसा होता. जो म्हणेल 'मी मारली', त्याला पहिलं पान मिळणार. पण त्याच तोंडाने तो अकरा वर्षांची बाजी हरणार. सगळ्या गावासमोर.

मास्तर औषधवाल्यांना म्हणाले, 'त्यांना म्हणावं, हाक त्यांनीच मारली असेल.'

साडू कोपऱ्यातल्या सांगाड्याला म्हणाले, 'मी? छे! पक्षी त्यांचा आहे.'

'माझा कसला? त्यांचाच.'

'मुळीच नाही. बावीस वर्षं कोण हिंडतंय? त्यांचाच तो पक्षी.'

'मी नाही घेणार. त्यांचा मान आहे.'

बँकेत नव्याने बदलून आलेल्या एक बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी चक्क रुमाल काढला. 'किती मोठं मन आहे हो या दोघांचं!' त्या म्हणाल्या. किल्लीवाला तोंडात मूठ घालून बाहेर पळाला.

असं वीस मिनिटं चाललं. सहाला दहा कमी. ग्रंथपाल येऊन सायकलची क्लिप पँटला तशीच ठेवून बसला होता, पिशवी उघडी धरून. बाईंनी पेनाचं टोपण लावलं. ते टोपण लागल्याचा टक् असा आवाज आला आणि मास्तरांनी मान वर केली.

'अहो, बोला काय ते,' दारातून थोरली म्हणाली. 'मी काय जन्मभर निरोपच पोचवू?'

'तू गप बस,' मास्तर म्हणाले, पण जोर नव्हता.

त्यांनी ती रिकामी ओळ पाहिली. मग सातवी ओळ पाहिली असावी, कारण ओठ आवळले गेले. मग बोटाला लागलेला दोऱ्याचा एक तुकडा काढून त्यांनी नीट टेबलावर ठेवला.

'हाक मी मारली,' ते म्हणाले.

'मोठ्याने.'

'मी मारली, बाई. हे पाने वाजवत येत होते. पाखरू उडालं असतं. मी म्हणालो, "साडू, हलू नका."'

दारात कुणीतरी 'आई गं' म्हणालं. धाकटी असावी. सगळ्यांचे डोळे साडूंवर. अकरा वर्षांनी जिंकलेला माणूस कसा दिसतो ते बघायचं होतं. तर साडू नव्या नळाला जुना वायसर बसवलेला पाहावा तसे पाहत होते.

बाईंनी टोपण काढलं आणि पेन तसंच धरून ठेवलं. 'आता तू. तुला हाक ऐकू आली?'

'थांबलो ना मी!'

'खड्डा आला तरी माणूस थांबतो. ऐकू आली याला पुरावा काय? तू काही बोललास?'

साडूंनी खिशातला पाना चाचपला.

'बोललास की नाही?'

'"दिसतोय" म्हणालो.'

'कुणाला?'

साडूंनी छताकडे पाहिलं. 'पक्ष्याला.'

हसण्याचा असा भडका उडाला की बरण्या थरथरल्या. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पेन कागदावर टेकवलं. 'पक्ष्याला "दिसतोय" म्हणालास. कशासाठी?'

'धीर द्यायला.'

'तसं लिहिते. मग हाक ऐकल्याचा पुरावा नाही, साक्ष नाही आणि ओळही नाही.' घड्याळात सहाला तीन कमी होते.

साडूंनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर त्यांच्याकडे पाहत नव्हते. ते वहीकडे पाहत होते, शो-केसमधल्या कापडाकडे गिऱ्हाईक पाहतं तसे, खिशात हात घालून.

'ह्यांना म्हणालो,' साडू फटकन बोलले. 'ह्यांना. "दिसतोय, मास्तर, तुम्हीही हलू नका," असं म्हणालो. अख्खं वाक्य. घ्या लिहून!'

बाईंनी लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं, पण आलं. मास्तरांना सही करायला पुढे बोलावलं, तर एका दमात सुईत दोरा ओवणारा हा माणूस, त्याला पेन कुठे टेकवायचं ते दिसेना. शेवटी साडूंनी ओळीवर बोट ठेवलं. 'इथे.' काळं, ग्रीसचं बोट. त्याचा ठसा अजून तिथे आहे, वाचनालयात जाऊन कुणीही पाहावा.

'बाई, त्याला नाव आहे का काही?' सही झाल्यावर मास्तरांनी विचारलं.

'मानमोडी,' बाई म्हणाल्या. 'दरवर्षी येत असेल. बुंध्यासारखीच दिसते म्हणून कुणाला कळत नाही.'

'मानमोडी,' मास्तर म्हणाले. मला वाटतं, नावानिशी पाठ झालेला हा त्यांचा पहिला पक्षी.

ग्रंथपाल वही घेऊन गेला. लोक पांगले. बायका पुढे निघून गेल्या होत्या, मुद्दाम. मास्तर शाळेच्या फाटकाबाहेर आले तर साडू तिथे उभे, बुटाची नाडी बांधत. त्यांच्या बुटांना नाड्या नाहीत. मी दोघांच्या मागे, बरंच अंतर ठेवून. मला तिकडेच जायचं होतं.

दोघे चालायला लागले. मग साडू म्हणाले, 'पण पाठ कशी होती हो त्याची? मला दिसलीच नाही.'

मास्तर थांबले. रस्त्यातच वही काढली, कात्रणं चाळली, एकही जुळेना. मग साडूंच्या पाठीवर बोट ठेवून मानेपासून खाली रेघ ओढून दाखवली. 'अशी. बरोब्बर मधून. आणि दोन्हीकडे नक्षी. कुठेही सरकलेली नाही. तुम्ही समोरून काय पाहिलंत?'

'तुम्हाला सांगून कळायचं नाही. दाखवतो.'

आणि साठीला टेकलेल्या त्या माणसाने, भर रस्त्यात, पाने वाजू नयेत म्हणून दोन्ही खिसे धरून, मान डावीकडे फिरवली. 'अशी,' म्हणाले. 'मग अशी.' अजून फिरवली. 'मग त्याच्या पुढे...'

'अहो, बास!'

'नाही, तो ह्याच्याही पुढे गेला होता,' साडू म्हणाले आणि मानेने तिथवर गेले. मग 'आई गं' म्हणाले आणि तिथेच राहिले.

मान काही परत येईना. मास्तरांनी आधी हाताने पाहिलं, मग टेपने. टेपचा काय उपयोग ते मला अजून कळलेलं नाही. शेवटी त्यांनी साडूंना दंडाला धरून घरापर्यंत नेलं. साडू सगळी वाट डावीकडच्या घरांना 'काही नाही, काही नाही' असं सांगत होते.

मान सुटायला आठ दिवस लागले. नळ काही कुणासाठी थांबत नाहीत, त्यामुळे साडू तसेच कामावर हिंडत. आणि मास्तर दुकान अर्ध्यावर सोडून, त्यांची पान्यांची पिशवी घेऊन, सोबत जात. जाताना नेहमी त्यांच्या डाव्या हाताला चालत. उजवीकडे चालले असते, तर साडूंना ते दिसले नसते.